खुर्दबिनीतले पिवळे जीव

विज्ञानाची प्रगती हे एकट्यादुकट्याचं काम नाही. समविचारी आणि निःस्वार्थी माणसांनी एकत्र येऊन केलेली ती तपश्चर्या असते. हे वाक्य मी पुढे अनेक शिबिरांत ऐकलं आणि दर वेळी मान डोलावली, कारण अशा एका तपश्चर्येत मी स्वतः होतो. आम्ही चौघे मास्तर होतो, चार गावांचे. समविचारी म्हणाल तर एका बाबतीत आमचं पूर्ण एकमत होतं, की अणदूरला खंडोबाच्या देवळाजवळच्या हॉटेलात रविवारी भजी चांगली निघतात.

निजामाची राजवट जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तेवढ्यात राज्य दोनदा बदललं, भिंतीवरचे नकाशे बदलले आणि शाळांतून उर्दू जाऊन मराठी आली. मास्तर मात्र तेच राहिले. आमच्यापैकी जे थोडंफार शास्त्र शिकले होते ते उर्दूतून शिकले होते. वनस्पतिशास्त्र म्हणजे आमच्या लेखी नबातात, आणि पेशी म्हणजे खलिया. नव्या पुस्तकात 'पेशीभित्तिका' आणि 'प्रकाशसंश्लेषण' असे शब्द होते. ते उच्चारताना मुलं आमच्या तोंडाकडे बघत आणि आम्ही छपराकडे.

मुलांना उत्तर न सांगता प्रश्न विचारून शिकवावं, यावर पुढे फार विद्वत्तापूर्ण भाषणं झाली. आम्ही ती पद्धत तत्त्व म्हणून स्वीकारलेली नव्हती. उत्तरं आम्हाला एका भाषेत येत होती आणि मुलांना ती दुसऱ्या भाषेत लागत होती, एवढीच अडचण होती. तोड काढली ती आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मास्तरांनी. त्यांना सगळे मौलवीसाहेब म्हणत. ते मौलवी नव्हते, गणिताचे मास्तर होते. पण दाढी होती आणि आवाज कधी चढत नसे.

"असं करा," ते भज्याचं तेल बशीच्या कडेला निथळत म्हणाले, "जीवशास्त्राच्या तासाला मास्तरनं जवाब द्यायचाच न्हाय. नुस्तं विचारायचं. पोरं बघतील, भांडतील, करून बघतील. जवाब निघाला तर त्यांच्या जबानीत निघंल."

"आणि न्हाय निघाला तर?" मी विचारलं.

"तर पुढच्या ऐतवारी इथं बसून आपण भांडू."

त्यांनी आणखी एक अट घातली. एका गावच्या पोरांना जे दिसलं ते दुसऱ्या गावच्या पोरांनाही दिसल्याशिवाय खरं मानायचं नाही. "एका गावाचं काय खरं," ते म्हणाले, "गाव म्हटलं की समद्यांना एकच भूत दिसतं."

तेव्हापासून एकच प्रश्न चारही शाळांत जाऊ लागला. ज्वारीचा दाणा उलटा ठेवला तर कोंब खाली जाईल का? आम्ही कंदिलाच्या तडकलेल्या काचा जमवल्या, आत ओलं फडकं आणि फडक्याला टेकवून दाणे. बाकीच्या शाळांत कोंब वळून वर गेला. माझ्या शाळेत, तामलवाडीच्या बाजूला, पोरांनी कोंबाची परीक्षा घ्यायची म्हणून रोज काच उलटी केली. कोंब जिलबीसारखा झाला. त्यावर पोरांत अशी हमरीतुमरी झाली की शेजारच्या वर्गाचे मास्तर बघायला आले, आणि तेही एका बाजूनं भांडू लागले. मला त्या तासाला काहीच शिकवावं लागलं नाही. पद्धत उत्तम आहे याची माझी खात्री पटली ती त्या दिवशी.

मग सूक्ष्मदर्शक आला. खात्याकडून एका लाकडी पेटीत, भुशात बसवून, चार शाळांपैकी एकीला. ही शाळा अणदूरच्या शिवेला लागून असलेल्या गावात होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून वाचतात. आम्ही त्याला जुन्या सवयीनं खुर्दबीन म्हणत असू, पोरंही तेच म्हणू लागली.

एक खुर्दबीन आणि चार शाळा. हा पेच आमच्या भागात कोणालाच पडला नसता. खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला राहतो आणि बाकीचा अणदूरला. नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसून करार करतात आणि देव पालखीतून निघतो. देवाची वाटणी जिथं तंटा न होता होते, तिथं पितळेच्या नळकांड्याचं काय? ठरलं की खुर्दबीनही गावोगाव राहायला जाईल. रविवारी हॉटेलात सर्वांसमक्ष पेटी उघडायची, नेणाऱ्यानं डोळा लावून "दिसतंय" म्हणायचं, आणि न्यायची.

खात्याच्या दृष्टीनं ती ज्या शाळेची होती, तिथल्या शास्त्राच्या मास्तरांकडे तिचा ताबा होता. हे आमच्यातले सगळ्यांत तरुण. नेमणूक हंगामी होती, आणि ती दर वर्षी पुन्हा हंगामीच होत असे. तुळजापूरच्या एका पुजाऱ्यांच्या घरी त्यांचं लग्न ठरल्यासारखं होतं. मुलगी बघून झाली होती, तिलाही मास्तर पसंत होते, पत्रिका जमली होती. अडलं होतं ते मुलीच्या वडिलांपाशी. ते एकदा मुद्दाम हॉटेलात येऊन आम्हाला भेटून गेले.

"पोरगा सोन्यासारखा हाय," ते म्हणाले. "पण हंगामी म्हणजे काय ओ? उद्या खात्यानं जा म्हटलं की हा जाणार. माझ्या पोरीनं काय हंगामी संसार करायचा?"

"यंदा तपासणी झाली की कायम होतील," मी म्हणालो.

"हे तुम्ही मागल्या चैत्रातबी म्हणला होता."

कायम करायचं तर हेडमास्तरांची शिफारस हवी आणि तपासणीच्या साहेबांचा चांगला शेरा हवा. त्या शाळेचे हेडमास्तर मनानं वाईट नव्हते. फक्त त्यांना इतिहासात जायचं होतं आणि कोणत्या मार्गानं जावं हे ठरत नव्हतं. सतत पान खात. पानाचा डबा टेबलावर, चुन्याची डबी खिशात, आणि उजव्या अंगठ्यावर चुन्याचा एक कायमचा पांढरा पापुद्रा.

त्या वर्षी आमचा प्रश्न होता, आपण पितो त्या पाण्यात काय असतं? पोरांनी आडाचं, विहिरीचं, बारवेचं, हौदाचं पाणी बाटल्यांतून आणलं. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवून एकेकानं डोळा लावायचा आणि दिसेल ते पाटीवर काढायचं. शेवाळाचे हिरवे दोरे दिसले. सुईसारखे पळणारे जीव दिसले. एक पोरगं दोन दिवस पाणीच पीत नव्हतं. आईनं येऊन मास्तरांना फैलावर घेतलं.

आणि हंगामी मास्तरांच्या वर्गाला पिवळे जीव दिसले. अंडाकृती, हळदी रंगाचे, काही सुटे, काही गोळ्यागोळ्यांनी. आडाच्या पाण्यात होते, विहिरीच्या होते, हौदाच्या होते. पुस्तकात त्यांचं चित्र नव्हतं.

मास्तरांनी नियमाप्रमाणे नुसतं विचारलं, "काय असंल?"

"अंडी हायती, सर."

"करडईच्या फुलातली धूळ असंल."

"हलत न्हाईत. मेलेले हायती."

"निजलेलेबी असतील की रे. तू काय पहाटंचा हलतोस व्हय?"

पाण्याची बाटली दोन दिवस उन्हात ठेवून पोरांनी पुन्हा पाहिलं. पिवळे जीव वाढले नव्हते, घटलेही नव्हते. हेडमास्तरांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि ते गंभीर झाले. वाढत नाहीत यावरून ते निर्जीव आहेत असं सिद्ध होत नाही, ते म्हणाले. संयमी असतील.

रविवारी मौलवीसाहेबांनी आपली अट काढली. दुसऱ्या गावी दिसले पाहिजेत. पाळी माझी होती, म्हणून मी खुर्दबीन घेऊन गेलो. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्याचा पहिलाच थेंब, आणि त्यात पिवळे जीव! मी फारसा भारावणारा माणूस नाही, पण त्या दिवशी जेवताना वरणाकडे बघत बसलो होतो हे खरं. पुढच्या रविवारी मौलवीसाहेबांनी नेली. त्यांच्या गावीही जीव हजर, आणि त्यानंतर चौथ्या मास्तरांच्या गावीही. अट पुरी झाली. दाढी कुरवाळत मौलवीसाहेब म्हणाले, "आता माझा इलाज न्हाय. आहेत म्हणायला पाहिजे."

एवढी शिस्त पाळून आम्ही जी चूक केली, ती आमच्याच मुलखात होऊ शकते. खुर्दबीन ज्या गावची, त्या गावातून कोणीही, काहीही प्रवासाला निघालं की त्यावर भंडारा उधळतात. लेक सासरी निघाली, बैल बाजाराला निघाला, भंडारा. खुर्दबीन गाव सोडून निघाली तेव्हा शाळेच्या शिपायानं, दोन म्हाताऱ्यांनी आणि वेशीवरच्या चार माणसांनी पेटीवर मुठी मोकळ्या केल्या होत्या. परत आली की पुन्हा. पेटीत काचेच्या पट्ट्या ज्या फडक्यात गुंडाळलेल्या असत ते फडकं खात्याकडून आलं तेव्हा पांढरं होतं. आम्ही पाहू लागलो तेव्हा ते पिवळं होतं. पाण्यात काय आहे हे आम्ही चार गावांतून तपासलं. फडकं पिवळं का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्याकडे फडकी पिवळीच असतात.

इकडे हेडमास्तरांना मार्ग सापडला होता. नवा जीव सापडल्याचं त्यांनी वर कळवलं. त्याला काय नाव द्यावं याचाही विचार सुरू केला, आणि त्या नावात स्वतःचं आडनाव कुठं बसवावं एवढंच ठरायचं राहिलं. तपासणीचे साहेब तो जीव पाहायला जातीनं येणार असा निरोप आला. त्याच दिवशी हंगामी मास्तरांचा पाठही बघणार होते. हेडमास्तर त्यांना म्हणाले, "समजा तुमचं कामच झालं. जीव दाखवा आणि कायम व्हा."

आम्ही तिघेही रजा टाकून गेलो. शाळेच्या दारावर आंब्याचं तोरण होतं. साहेब कोट घालून आले होते, आणि कोटामुळे होणारा त्रास चेहऱ्यावर दिसू न देण्याचा प्रयत्न करत होते. खुर्दबीन खिडकीशी, चांगल्या उजेडात, टेबलावर मांडली होती. टेबलावर हेडमास्तरांच्या घरचा मखमली पलंगपोस होता.

हेडमास्तरांनी छोटं भाषण केलं. ते छोटं आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग साहेबांनी डोळा लावला.

"काही दिसत नाही."

"सरकला असंल, साहेब," हेडमास्तर पुढे झाले. पट्टीवरचा थेंब कडेला ओघळला होता. त्यांनी अंगठ्यानं तो लोटून मध्ये आणला, चांगला दाबून बसवला आणि बाजूला झाले. "आता बघा."

साहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुम्ही कळवलं होतं, पिवळे आहेत म्हणून."

"होय साहेब, पिवळेच."

"हे तांबडे आहेत."

हेडमास्तरांनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग ते सावरून म्हणाले, "हे नर असावेत."

मी मौलवीसाहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते आणि त्यांची दाढी हलत होती.

साहेब हंगामी मास्तरांकडे वळले. "तुमचा वर्ग आहे. तुम्ही सांगा, हे काय आहे?"

त्या तरुण माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. हेडमास्तरांच्या अंगठ्यावर त्याची नजर गेली होती. काय झालं ते त्याला कळलं होतं, निदान अर्धं तरी. बोलावं तर शिफारस करणाऱ्याची साहेबांदेखत फजिती. न बोलावं तर तांबडे नर खात्याच्या दप्तरात जाणार. तुळजापूरचं घर दोन्हीकडून लांब दिसत होतं. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, या तासाला उत्तर मास्तरनं सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे." आणि पोरांकडे वळून म्हणाला, "पिवळं होतं ते तांबडं झालं. का झालं असंल?"

मला वाटलं, झालं, हा आता कायमचा हंगामी राहतो.

पहिलं पोरगं भीत भीत उठलं. "सर, मगा पिवळंच व्हतं. म्या बघितलंय."

"मग मधी काय झालं?"

"हेडमास्तर सरांनी बोट लावलं."

"बोटाला काय व्हतं?"

आता सगळा वर्ग हेडमास्तरांच्या उजव्या हाताकडे बघू लागला. हेडमास्तरांनी तो पाठीमागे नेला.

"चुना!" मागून कोणीतरी ओरडलं. आणि एक पोरगं बाकावर उभं राहून म्हणालं, "सर, माझ्या गुडघ्याला मुका मार लागला तवा आईनं हळद-चुना लावला. तो असाच तांबडा झाला व्हता."

"म्हणजे ती हळद हाय?"

"पाण्यात हळद कुठनं यील रं?"

"तुझ्या घरच्या पाण्यात येत असंल. कालवण तसंच असतं तुमचं."

हसण्याचा एकच गोंधळ उडाला. मास्तरांनी तो थांबू दिला आणि विचारलं, "कसं ओळखायचं?"

पोरं टेबलाभोवती आली. कोणी म्हणालं पट्टी धुऊन बघू, कोणी म्हणालं धुतली तर पुसणार कशानं, फडकं तर हेच. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, वर्गात जेमतेम दोन मुली होत्या, ती फडक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याला झटकून बघा की." तिनंच ते झटकलं. उन्हाच्या तिरिपेत पिवळी धूळ उडाली आणि साहेबांच्या कोटावर बसली.

साहेबांनी कोटाकडे पाहिलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी कोणत्याही साहेबाला आधी करताना पाहिली नव्हती. त्यांनी कोट काढला. खिशातला स्वच्छ रुमाल काढून मुलीच्या हातात दिला. "पट्टी धुवा, आणि याने पुसा."

धुतलेल्या पट्टीवर आडाचं पाणी ठेवलं. पिवळं काही नाही. एका पोराच्या कपाळावरचा भंडारा नखानं काढून थेंबात टाकला. पिवळे जीव परत आले. साहेब स्वतः टेबलावर वाकून म्हणाले, "आता चुना."

कोणाकडे मागावा हा प्रश्न नव्हता. हेडमास्तरांनी खिशातून डबी काढली आणि साहेबांच्या हातावर ठेवली, तलवार ठेवावी तशी.

जीव तांबडे झाले. वर्गात असा गलका झाला की गावातली दोन-तीन माणसं काय झालं म्हणून पळत आली. साहेबांचा रुमाल एका बाजूनं पिवळा आणि दुसऱ्या बाजूनं तांबडा झाला होता. परतीची मोटार केव्हाच निघून गेली होती आणि साहेब पोरांना विचारत होते, लिंबू पिळलं तर काय होईल. लिंबू शोधायला अर्धा वर्ग पळाला.

चहा हेडमास्तरांच्या खोलीत झाला. साहेब खुशीत होते. "फार वर्षांनी असा पाठ पाहिला," ते म्हणाले. "चूक मुद्दाम मांडून ठेवायची आणि पोरांकडून शोधून घ्यायची! आणि हेडमास्तरांनी स्वतः त्यात भाग घ्यायचा! कल्पना कोणाची?"

हंगामी मास्तरांनी कप खाली ठेवला. "साहेब, आम्ही काही मांडून ठेवलं नव्हतं. आम्ही खरंच फसलो होतो. चौघंही."

"असू द्या, असू द्या. नम्रपणा चांगला."

"नम्रपणा न्हाय साहेब, खरं सांगतोय."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मौलवीसाहेब म्हणाले, "मीच सगळ्यांत जास्त फसलो, हुजूर. अट माझी होती."

"पाहा," साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "ही एकी. हीच सगळीकडे हवी."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "पाठाची पूर्वतयारी बरेच दिवस चालली होती," ते म्हणाले. आणि तेही काही खोटं नव्हतं.

त्या प्रसंगानं आमच्यात विशेष काही बदललं नाही. पेटीवर भंडारा पडत राहिला, कारण तो थांबवा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. आम्ही पेटीला बाहेरून एक गोणपाट शिवलं आणि मौलवीसाहेबांनी अटीला पोटअट जोडली, की दुसऱ्या गावी बघायचं तर फडकंही दुसऱ्याच गावचं पाहिजे.

तुळजापूरच्या सासऱ्यांना बातमी कळली होती. ते रविवारी हॉटेलात हजर.

"साहेब लई खूश झाले म्हणं."

"लई," मी म्हणालो. "कोट काढला."

"ते ऐकलं. कायम केलं का?"

"शेरा उत्तम दिलाय. होईल आता."

"मास्तर, खूश होण्यावर मी पोरगी देत न्हाय. साहेब खूश झाला, उद्या दुसरा साहेब यील. कागद दाखवा." मग भजी खाता खाता म्हणाले, "पण ते हळदीचं बाकी झकास झालं. घरी सांगितलं तर पोरगी हसून हसून लोळली. आता तिची आई म्हणती, कागद येवो न येवो, तारीख तरी बघून ठेवा."

तारीख बघून ठेवली गेली. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं की जीवशास्त्राचं असं अध्यापन जिल्ह्यात अन्यत्र आढळलं नाही आणि अशा शिक्षकाला खात्यानं गमावू नये. पुढे हुकूमही आला. मास्तर कायम झाले. हेडमास्तरांनी शाळेत सभा घेऊन विज्ञानयुगावर भाषण केलं, पेढे वाटले, आणि सासरे त्या सभेत पहिल्या रांगेत बसून हुकूम दोनदा वाचून, घडी घालून स्वतःच्याच खिशात घालून गेले.

मास्तरांना कायम केलं होतं ते चित्रकला शिक्षक म्हणून. त्या शाळेला शास्त्राच्या शिक्षकाची जागा मंजूरच नव्हती.